एचबीएवनसी ५.९ आणि काकूंची वही: मायलोमाच्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ६३ वर्षांचे. राहायला ठाण्यात, पाचपाखाडीला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त. मधुमेह १४ वर्षांचा, गोळ्यांवर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम आणि त्यामागचं रसायन मात्र तसंच ठेवलं आहे. दवाखान्यात त्यांना काका म्हणतो, इथेही तेच म्हणू.

प्रश्न वरवर किरकोळ होता. कॅन्सरचे उपचार सुरू होऊन अडीच महिने झाले होते आणि काकांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी तपासणी, ५.९ टक्के आलं. आजारपणाआधीचं ८.२ होतं. मुलाने रिपोर्टचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "डॉक्टर, बाबांची शुगर नॉर्मल झाली. इन्सुलिन बंद करू या ना?" रिपोर्टवर लॅबने सरासरी शुगरही छापली होती, १२३. काकू घरी ग्लुकोमीटरवर काकांची शुगर तपासून वहीत लिहायच्या. त्याच आठवड्यात त्या वहीत गुरुवार संध्याकाळचा आकडा होता २८६.

दोन्हीपैकी एक चूक असणार, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. वही हाताने लिहिलेली आणि रिपोर्ट मशीनचा, त्यामुळे संशय अर्थातच वहीवर गेला.

आजार सापडला कसा

सुरुवात थकवा आणि कंबरदुखीने. साठी उलटल्यावर या तक्रारी कुणी फारशा मनावर घेत नाही. हिमोग्लोबिन ८.१, म्हणजे कमी; किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.८, म्हणजे जास्त. १४ वर्षांचा मधुमेह म्हटल्यावर "किडनीवर आलंय" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडात तयारच असतं, आणि एका ठिकाणी तसं लिहूनही मिळालं होतं.

खटकलं ते लघवीच्या तपासणीत. पट्टी बुडवून पाहिलं तर अल्ब्युमिन जेमतेम 'ट्रेस'. पण २४ तासांची लघवी गोळा केली तेव्हा प्रथिन ३ ग्रॅमच्या वर. मधुमेहाने किडनी बिघडली की आधी गळतं ते अल्ब्युमिन, आणि पट्टीला मुख्यतः अल्ब्युमिनच कळतं. इथे गळत होतं ते दुसरंच काहीतरी. मग जुने रिपोर्ट काढले. रक्तातलं एकूण प्रथिन ९.८, त्यात अल्ब्युमिन फक्त ३. म्हणजे उरलेलं ६.८ ग्लोब्युलिन, नेहमीच्या दुप्पट. हा आकडा ठळक अक्षरात छापलेला होता. सगळ्यांची नजर क्रिएटिनिनवर खिळलेली, त्यामुळे तो वाचलाच गेला नाही.

पुढचं लवकर उलगडलं. रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एम-बँड, म्हणजे एकाच छापाच्या प्रतिपिंडाचा पट्टा, त्याची जात आयजीए कप्पा, अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी ४० टक्के, मणक्यांत खड्डे. मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. लघवीतलं प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाचा हलका तुकडा. लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४०च्या दशकात त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं.

प्लाझ्मा पेशीचा धंदाच मुळी प्रतिपिंडं बनवण्याचा. मायलोमात अशी एकच पेशी बेफाम वाढते आणि एकाच छापाचं प्रतिपिंड ओतत राहते. त्यामुळे रक्तात प्रथिनाचा पूर असतो आणि तरीही माणूस न्यूमोनियाने आजारी पडतो, कारण उपयोगाची बाकीची प्रतिपिंडं दबलेली असतात. वयाशी याचा संबंध थेट आहे. पन्नाशीनंतर सुमारे ३ टक्के लोकांत असा छोटा, निरुपद्रवी एम-बँड सापडतो, आणि त्यातल्या दरवर्षी साधारण १ टक्का लोकांत तो पुढे मायलोमा किंवा त्याच्या जातीच्या आजारात बदलतो. बाकीचे तो बाळगून आयुष्य काढतात.

उपचार खारघरच्या कॅन्सर रुग्णालयात सुरू झाले. दर गुरुवारी पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, त्याच दिवशी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम, रोज रात्री लेनालिडोमाइड, किडनी पाहून कमी केलेल्या डोसात. सुरुवातीलाच रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. मेटफॉर्मिन थांबवलं, गोळी बदलली आणि स्टेरॉइडच्या दिवसांपुरतं सकाळचं इन्सुलिन लावलं. काका-काकू ठाण्याहून पनवेल लोकल धरून जायचे आणि संध्याकाळी परतायचे.

५.९ आलं कुठून

शरीरातल्या प्रथिनांवर सतत काहीतरी चिकटत असतं. काही गोष्टी पेशी स्वतः, मोजूनमापून, एन्झाइमच्या हातून चिकटवते. काही आपोआप चिकटतात. ग्लुकोजचं चिकटणं या दुसऱ्या प्रकारातलं. १९१२ साली लुई कामिल मायार यांनी शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही क्रिया वर्णन केली. भाकरीवर तव्याचे तांबूस डाग उठतात ते याच क्रियेने. अंगात तवा नसतो, ३७ अंश तापमान असतं, म्हणून तीच क्रिया अगदी संथ चालते. पण थांबत नाही.

चिकटलेली साखर काढून टाकायचा हमखास मार्ग एकच, ते प्रथिनच बदलणं. म्हणून ज्या प्रथिनाचं आयुष्य मोठं, त्याच्यावर थर जास्त. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं जन्मापासूनची असतात, सांध्याच्या कूर्चेतलं कोलॅजन दशकानुदशकं टिकतं. त्यांच्यावर बसलेली साखर पुढे रूप बदलत जाते, शेजारच्या दोन धाग्यांना एकमेकांत अडकवते, आणि भिंग पिवळं पडतं, रक्तवाहिन्या ताठ होतात. म्हातारपणाचा एक भाग अक्षरशः असा साचलेला असतो, आणि मधुमेहात हे साचणं भराभर होतं. या जुन्या साखरयुक्त प्रथिनांना पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, पेशींवर असतात. ते चेतले की दाह सुरू होतो. प्रतिकारशक्ती वयाबरोबर दमते आणि तरीही उगाच धुमसत राहते, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक.

आता तांबड्या पेशीकडे या. तिच्यात केंद्रक नाही, नवं प्रथिन बनवायची सोय नाही. जन्माच्या वेळचं हिमोग्लोबिन घेऊन ती सुमारे १२० दिवस फिरते. ग्लुकोज त्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकावरच्या व्हॅलिनला चिकटतं. मधुमेही लोकांत हे वेगळं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं, हे १९६८ साली तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांच्या लक्षात आलं आणि तिथून आजची एचबीएवनसी तपासणी घडली. सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: पेशी त्या माणसाच्याच आहेत आणि त्यांचं वय नेहमीसारखं आहे.

काकांच्या बाबतीत यातलं काहीच खरं नव्हतं. दोन बाटल्यांतल्या पेशी दुसऱ्यांच्या, त्यांनी साखर पाहिली ती त्या दात्यांच्या अंगातली. शिवाय उपचाराने मज्जा मोकळी झाली होती. हिमोग्लोबिन ८.१ वरून १०.९ वर आलं, म्हणजे हजारो कोटी कोवळ्या पेशी बाहेर पडल्या, ज्यांना साखर चिकटायला अजून वेळच मिळाला नव्हता. दोन्ही कारणांनी टक्का खाली आला. लॅबचा आकडा अचूक होता. तो काकांच्या शुगरचा नव्हता, एवढंच. याच्या उलटही होतं आणि आपल्याकडे ते जास्त दिसतं: लोह कमी असलं की पेशी म्हाताऱ्या राहतात आणि शुगर न वाढता एचबीएवनसी वर चढतं.

मग वही खरी मानायची? इथेही घाई नको. रक्त पातळ असलं, म्हणजे तांबड्या पेशींचं प्रमाण कमी असलं, की ग्लुकोमीटर शुगर थोडी जास्त दाखवतो. म्हणून एका संध्याकाळी बोटाची आणि लॅबची तपासणी एकाच वेळी केली. बोटाची २६८, लॅबची २४९. वही थोडी फुगवून बोलत होती, पण खोटं बोलत नव्हती.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने फ्रुक्टोसअमिन सुचवलं. सूचना एरवी योग्य. त्यात रक्तद्रवातल्या प्रथिनांवरची साखर मोजतात, मुख्यतः अल्ब्युमिनवरची, तांबड्या पेशींचा संबंध नाही, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज मिळतो. पण काकांच्या रक्तातलं बरंचसं प्रथिन हे कॅन्सरने ओतलेलं आयजीए होतं, आणि आयजीए वाढलं की फ्रुक्टोसअमिन खोटं वर जातं. एकाच माणसात एचबीएवनसी खाली खेचलेलं आणि फ्रुक्टोसअमिन वर ढकललेलं. दोन्ही मागवून मधला आकडा काढला असता तर तो निव्वळ विनोद झाला असता. शेवटी दंडाला शुगर सतत मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावला. सरासरी निघाली १८७, एचबीएवनसीच्या हिशेबात आठच्या थोडं वर.

खरी मजा वहीतच होती. काकूंनी प्रत्येक वारासाठी रकाना आखला होता आणि सकाळ-संध्याकाळ वेगळ्या शाईत लिहिलं होतं. सकाळचा उपाशीपोटीचा आकडा बहुतेक रोज ११० ते १३० च्या दरम्यान. स्टेरॉइडची हीच खोड आहे. सकाळी घेतलं की शुगर दुपारनंतर उसळते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत बरीच खाली येते. फक्त फास्टिंग तपासणाऱ्याला काही कळतच नाही. गुरुवार आणि शुक्रवार संध्याकाळ मात्र लाल. शुक्रवारी २४० च्या आसपास, गुरुवारी त्याहून वर. डेक्सा गुरुवारी सकाळी पोटात जातं आणि त्याचा जोर दुसऱ्या दिवशीही टिकतो, हे समजण्यासारखं आहे. पण गुरुवारच जास्त का?

"काका, गुरुवारी जेवता काय?"

"जेवतो कुठे? दत्ताचा उपास. खिचडी फक्त."

साबुदाण्याची, अर्थात. खारघरला डब्यातून नेलेली, आणि परतल्यावर उरलेली पुन्हा. उपास सोडा म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती आणि गरजही नव्हती. काकूंनी राजगिऱ्याच्या दोन लहान भाकऱ्या, दाण्याची आमटी आणि ताक असं सुरू केलं. तीन गुरुवारांत आकडा २८६ वरून २३० च्या घरात आला. शुक्रवार तसाच राहिला, म्हणजे तेवढा वाटा शुद्ध स्टेरॉइडचा. त्या दोन दिवसांचं इन्सुलिन त्याप्रमाणे थोडं वाढवलं. बंद करण्याचा प्रश्नच उरला नाही.

पोटावरचं इंजेक्शन करतं काय

साखर आपोआप चिकटते, तसं पेशी हेतूने चिकटवते त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण काकांच्या उपचारातच होतं. युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. ठाण्यात पावसाळ्याआधी जुन्या इमारतींवर महापालिकेची 'अतिधोकादायक'ची नोटीस लागते, तशी पेशी नकोशा प्रथिनावर युबिक्विटिनची माळ लावते. फरक एवढाच की इथे नोटीस लागली की पाडकाम मिनिटांत होतं. ते करणारं यंत्र म्हणजे प्रोटिअसोम. ही व्यवस्था उलगडल्याबद्दल सिकॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बोर्टेझोमिब हे यंत्र अडवतं. प्रोटिअसोम तर प्रत्येक पेशीत असतं, मग मायलोमाच्याच पेशी जास्त का मरतात? कारण प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडं जुळवते. इतक्या घाईत चुकीच्या घडीची कितीतरी निघतात आणि ती लगोलग मोडावी लागतात. मोडणं थांबलं की कचरा तुंबतो आणि पेशी स्वतःलाच संपवते. सामान्य पेशीला हाच अडथळा बराचसा सोसतो, कारण तिचं उत्पादन मर्यादित. हे औषध अमेरिकेत २००३ साली मंजूर झालं आणि मायलोमाच्या उपचाराचा पायाच बदलला.

लेनालिडोमाइडची चाल उलटी. ते यंत्र अडवत नाही, नोटीस लावणाऱ्यालाच फितवतं. थॅलिडोमाइड हे त्याचं कुप्रसिद्ध भावंड, ज्याने १९५० च्या दशकाअखेर हजारो बालकांना व्यंग दिलं. ही औषधं सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटतात, हे २०१० मध्ये कळलं. चिकटल्यावर सेरेब्लॉन इकारोस आणि आयोलोस या दोन प्रथिनांवर युबिक्विटिन लावायला लागतं, हे २०१४ मध्ये. मायलोमा पेशी या दोघांविना तग धरत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींत मात्र तीच दोघं गेली की त्यांची धार वाढते. एकाच गोळीने कॅन्सर दबतो आणि प्रतिकारशक्ती चेतते, ते असं.

नसांना मात्र प्रोटिअसोमची अडवणूक सोसत नाही. चौथ्या महिन्यात काकांच्या तळपायांना मुंग्या आणि आग सुरू झाली. मधुमेहानेही होतं, बोर्टेझोमिबनेही. १४ वर्षं नव्हतं आणि काही आठवड्यांत वाढलं, म्हणून दोष औषधावर ठेवला आणि खारघरच्या डॉक्टरांनी डोस कमी केला. आग कमी झाली, बधिरपणा थोडा राहिला. या औषधात नागीण उठण्याचा धोका ठरलेला असतो. त्यासाठीची असायक्लोव्हिरची गोळी "आता काही त्रास नाही" म्हणून काकूंनी आठवडाभर बंद ठेवली होती, ती पुन्हा सुरू करायला लावली.

इम्युनिटीचा चहा आणि परदेशी पावडर

सून रोज सकाळी ग्रीन टी देत होती, "इम्युनिटी वाढते" म्हणून. नेमकं हेच पेय या औषधाशी भिडतं. बोर्टेझोमिबच्या रेणूत बोरॉन आहे आणि तोच प्रोटिअसोमला धरतो. ग्रीन टीमधला मुख्य पॉलिफेनॉल त्या बोरॉनलाच बिलगतो. पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्यामुळे औषध निकामी झालेलं दिसलं आहे. माणसांवर तेवढं ठाम सांगता येत नाही, पण चहासाठी जोखीम कशाला घ्यायची? क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांवरही तशीच शंका आहे, शिवाय काही सेन्सर त्यांच्यामुळे शुगर खोटी जास्त दाखवतात. दोन्ही बंद. आपला दुधाचा चहा चालू, साखरेविना.

मग पुतण्याने अमेरिकेहून आणलेली 'वय रोखणारी' पावडर आली, एनएडी वाढवणारी. पावडरीबद्दल माझं मत सौम्य नाही, पण त्यामागचं शास्त्र काकांच्या आजाराला इतकं लागून आहे की ते सांगायलाच हवं. एनएडी हा चयापचयातला कामगार, साखर जाळून ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉन वाहणारा. सर्टुइन नावाची एन्झाइम्स प्रथिनांवरचे अ‍ॅसिटिल गट काढतात ती हेच एनएडी खर्चून. पेशीत ऊर्जेची स्थिती काय आहे, हे अशा रीतीने प्रथिनांवर, जनुकं गुंडाळणाऱ्या प्रथिनांवरसुद्धा, उमटतं. वयाबरोबर एनएडी घटतं. उंदरांत त्याचा मोठा दोषी निघाला सीडी३८, एनएडी फोडणारं एन्झाइम, जे वयाबरोबर आणि दाहाबरोबर वाढतं. आणि सीडी३८ सर्वाधिक कुठे असतं? प्लाझ्मा पेशींच्या पृष्ठभागावर, मायलोमात तर ठासून. डाराटुमुमॅब हे मायलोमाचं औषध याच सीडी३८ ला लक्ष्य करतं.

वयाला जो रेणू हवा, त्याच्यावर कॅन्सरच्या पेशीही जगतात. प्रयोगशाळेत मायलोमा पेशींचं एनएडी तोडलं की त्या मरतात. अशा रुग्णाला बाहेरून एनएडीची भर घालण्याचं एकही कारण मला दिसत नाही. डबा परत गेला.

"साखर पूर्ण तोडली तर कॅन्सर उपाशी मरेल का?" हा प्रश्न मुलाचा. कॅन्सरच्या पेशी प्राणवायू असतानाही ग्लुकोज अर्धवट जाळून लॅक्टेट सोडतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. पेट स्कॅनची मदारही त्यावरच, म्हणून तर स्कॅनला उपाशीपोटी जावं लागतं. पण चेतलेली टी पेशीही ग्लुकोज तशाच पद्धतीने वापरते. साखर सोडली तरी यकृत रक्तातली पातळी राखतंच, कमी होतं ते काकांचं वजन. मेटफॉर्मिनकडूनही अशीच आशा होती. मधुमेह नसलेल्या ३,६४९ स्तनकर्करुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला, फायदा दिसला नाही. मधुमेहासाठी ते उत्तम औषध आहे, तेवढं पुरे.

मुलीने खारघरच्या 'नव्या पेशींच्या उपचारा'बद्दल विचारलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ही बातमी तिने वाचली होती. पण त्या टी पेशी सीडी१९ ओळखतात, जे काही ल्युकेमिया-लिम्फोमांत असतं. मायलोमा पेशीवर ते बहुधा नसतं, त्यासाठीच्या कार-टीचं लक्ष्य वेगळं आहे.

सध्याची स्थिती

एम-बँड नाममात्र उरला आहे. क्रिएटिनिन १.४ वर आल्यावर मेटफॉर्मिन अर्ध्या डोसात परत सुरू केलं. रक्त चढवून पाच महिने झाल्यावर आणि हिमोग्लोबिन १२ च्या आसपास स्थिरावल्यावर एचबीएवनसी पुन्हा केलं, ७.४. त्याच सुमारास लावलेल्या सेन्सरची सरासरी १६८. सूत्राने ७.४ चे १६६ होतात, म्हणजे आता दोघं एक भाषा बोलू लागले.

पुढची पायरी स्वतःच्याच मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाची आहे. त्यात रक्त पुन्हा चढवावं लागू शकतं आणि मज्जा नव्याने पेशी घडवते, त्यामुळे हा मेळ परत मोडणार. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून दिलं आहे: प्रत्यारोपणानंतर चार महिने एचबीएवनसी मागवू नये, इन्सुलिन वही किंवा सेन्सर पाहून ठरवावं. आणि कधी डाराटुमुमॅब लागलंच, तर पहिल्या डोसाआधी रक्तपेढीत रक्तगटाची सविस्तर तपासणी करून ठेवावी. सीडी३८ थोडं तांबड्या पेशींवरही असतं, औषध तिथे चिकटतं आणि मग रक्त जुळवताना रक्तपेढीची पंचाईत होते.